ट्वेल्व्ह अँग्री मेन

ट्वेल्व्ह अँग्री मेन : सिडनी ल्यूमेट यांचा अमेरिकन कृष्णधवल चित्रपट (१९५७). लांबी ९६ मिनिटे. कोर्टातल्या नाट्याचा नमुना म्हणून त्याचे नाव हमखास घेतले जाते, पण त्यातले कोर्ट सुरुवातीच्या काही मिनिटांतच आटोपते. न्यायाधीश कंटाळलेल्या सुरात ज्यूरीला, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला, सूचना देतात, बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या पोराचा चेहरा एकदा दिसतो, आणि बारा जण एका खोलीत जाऊन बसतात. बाहेर प्रचंड उकाडा आणि आत न चालणारा पंखा. बहुतेकांना लवकर उरकून घरी जायचे आहे.

रेजिनाल्ड रोझ यांनी ही कथा मुळात दूरचित्रवाणीसाठी लिहिली होती. २० सप्टेंबर १९५४ रोजी ती सीबीएस या अमेरिकन वाहिनीवरून थेट प्रक्षेपित झाली. चित्रपटाचे निर्माते दोन: रोझ आणि त्यातला नायक हेन्री फोंडा. ल्यूमेट यांचा हा पहिलाच चित्रपट. बर्लिन महोत्सवात त्याला ‘सुवर्ण अस्वल’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ऑस्करची तीन नामांकने मिळाली, पण तिन्ही पुरस्कार ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ने नेले.

पहिल्या मतदानात अकरा जण ‘दोषी’ म्हणतात, एक जण, म्हणजे फोंडा, नाही म्हणतो. तोही पोराला निर्दोष समजत नाही, त्याला फक्त बोलायचे असते. नंतरची उकल अगदी घरगुती आहे. खुनातला खटक्याचा चाकू एकमेवाद्वितीय असल्याचे सांगितले जाते. फोंडा खिशातून तसाच दुसरा काढून टेबलात रोवतो. लंगडा म्हातारा साक्षीदार पंधरा सेकंदांत दारापाशी पोचून पोराला पळताना पाहिल्याचे सांगतो. फोंडा खोलीतच तेवढे अंतर पाय ओढत चालून दाखवतो, तर एकेचाळीस सेकंद लागतात. सर्वांत नाजूक पुरावा नाकावरच्या चष्म्याच्या खुणांचा. चौथ्या क्रमांकाचा गृहस्थ नाक चोळतो, ते सगळ्यांत वयस्कर सदस्य पाहतो आणि त्याला आठवते की अंथरुणातून खून पाहिल्याचे सांगणाऱ्या साक्षीदार बाईच्याही नाकावर तशाच खुणा होत्या. झोपायच्या वेळी चष्मा कोण लावते? आपल्याकडे वर्तमानपत्रांत ‘संशयाचा फायदा देऊन सुटका’ असे छापून येते, त्या फायद्याची किंमत इथे कळते.

पुणेकर प्रेक्षकाने इथे थोडे थांबून आकडे पाहावेत. अकराविरुद्ध एक या मतविभागणीवर त्या कोर्टात निकालच लागत नाही, एकमत लागते. टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात १९०८ साली मुंबई हायकोर्टाच्या ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले. नऊपैकी सहा जणांचे एकमत आणि न्यायाधीशांची संमती असली की तेव्हाच्या कायद्याने ते पुरत असे. ‘ज्यूरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोष आहे’ हे टिळकांचे उद्गार गावाला पाठ आहेत, पण त्यातली ती ज्यूरी नेमकी कशी मते देई, हे फारसे कोणी विचारत नाही. पुढे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात (१९५९) ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष म्हटले. न्यायाधीशांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले आणि तिथे निकाल फिरला. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्यूरीला कायमची रजा दिली. म्हणून बासू चटर्जींचे हिंदी रूपांतर ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) रंगते खरे, पण ज्या देशात ज्यूरीच उरली नव्हती तिथे ते घडते, ही खुटखुट राहतेच.

छायालेखक बोरिस कॉफमन. खोली हळूहळू अंगावर यावी म्हणून पहिला तृतीयांश भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून, मधला पातळीवरून आणि शेवटचा खालून चित्रित केला. सोबत भिंगे लांब पल्ल्याची होत गेली, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात आणि शेवटी छतही दिसू लागते. थिएटरात हे जाणवते, पण पकडता येत नाही. घरी थांबवून, मागे नेऊन पाहिले की कळते. विधी महाविद्यालय आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय एकाच लॉ कॉलेज रस्त्यावर असलेल्या शहरात या चित्रपटाचे दोन्ही बाजूंचे विद्यार्थी आहेत; त्यांना ही सोय घरगुती आवृत्तीनेच दिली.

ती सोय सरळ मिळाली नाही. कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून भाड्याने कॅसेट आणायच्या काळात एखाद्या नातेवाइकाने अमेरिकेहून कॅसेट पाठवली, तर ती एनटीएससी या तिकडच्या चित्रपद्धतीची निघे आणि घरचा टीव्ही आपल्याकडच्या पाल पद्धतीचा. डीव्हीडी आली तेव्हा एका क्षेत्राची तबकडी दुसऱ्या क्षेत्राच्या प्लेअरवर चालेना: अमेरिका क्षेत्र १, भारत क्षेत्र ५. ब्लू-रेमध्ये अमेरिका ए, आपण सी. २०११ साली क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने काढलेली उत्तम आवृत्ती अशीच क्षेत्राच्या कुलपात आहे. सगळी क्षेत्रे चालवणारा प्लेअर नसेल, तर देखणी डबी कपाटात ठेवायची.

त्या आवृत्तीत १९५४चे थेट प्रक्षेपणही आहे. त्याचा निम्माच भाग शिल्लक असल्याचे मानले जाई. संपूर्ण प्रत २००३ साली हाती लागली. त्यात फोंडाच्या जागी रॉबर्ट कमिंग्ज आहे. पण सगळ्यांत वयस्कर सदस्याच्या भूमिकेत दोन्हीकडे तोच नट, जोसेफ स्वीनी.