चपलांच्या गर्दीत नजर कशी शोधते

अंबाबाईचे दर्शन घेऊन बाहेर पडलेला भाविक चपलांच्या गर्दीत स्वतःचा जोड शोधू लागतो, तेव्हा आपली नजर रांगेवरून संथपणे सरकत आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ती सेकंदाला तीन-चार उड्या मारत असते. बारीक तपशील टिपणारा दृष्टिपटलाच्या मधोमध असलेला खळगा फारच लहान असतो. हात लांब करून अंगठा धरला, तर साधारण त्याच्या रुंदीएवढाच भाग त्यातून स्पष्ट दिसतो. उडीच्या क्षणी दृष्टी मंदावते, तरी हा खंड आपल्याला जाणवत नाही.

तपकिरी कोल्हापुरी चपलांत एकच पांढरा बूट असेल, तर तो लगेच नजरेत भरतो, मग चपला दहा असोत वा शंभर. परंतु गोंडा असलेली आणि कान नसलेली चप्पल हवी असेल, तर चपलांच्या संख्येबरोबर वेळही वाढत जातो, कारण मानसशास्त्रज्ञ अॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० मध्ये मांडल्याप्रमाणे निरनिराळी वैशिष्ट्ये एकत्र जोडून पाहण्यासाठी त्या जागी लक्ष द्यावे लागते. सोप्या आणि अवघड शोधांची ही विभागणी जरा जास्तच काटेकोर होती; रंगासारखी खूण अवघड शोधातही नजरेला वाट दाखवते, असे पुढे दिसून आले. (जोतिबाच्या यात्रेत सगळेच गुलालात माखले की सदऱ्याच्या रंगावरून सोबती सापडत नाही, तो याचमुळे.)

पुढची उडी कुठे घ्यायची, हे मेंदूच्या पुढच्या भागातील आणि माथ्याखालील काही क्षेत्रे मध्यमेंदूच्या साहाय्याने ठरवतात. हे काम ईईजीने, म्हणजे डोक्यावर लावलेल्या विद्युताग्रांनी मेंदूचे विद्युत संकेत नोंदवून, टिपणे मात्र बराच काळ अवघड होते, कारण डोळा स्वतःच एखाद्या लहानशा बॅटरीसारखा असतो आणि तो हलला की मेंदूचे क्षीण संकेत त्याच्या विद्युत गोंधळात बुडतात. म्हणून प्रयोगांत लोकांना नजर एका ठिपक्यावर रोखून धरायला सांगत, म्हणजे शोधातील मुख्य क्रियाच थांबवत! आता नजरेचा मागोवा घेणारा कॅमेरा आणि ईईजी एकाच वेळी वापरून, नजर जिथे टेकते त्या क्षणापासूनचे संकेत वेगळे काढता येतात. हव्या वस्तूवर नजर टेकली, तर सुमारे तीन दशांश सेकंदानंतर एक ठळक लहर उमटते; इतर वस्तूंवर ती तशी उमटत नाही. अडचण इतकीच, की नजर एका जागी बहुधा पाव सेकंदच थांबते, त्यामुळे एका थांब्याची लहर पुढच्या थांब्यात मिसळते आणि ती गणिताने सोडवावी लागते.

नजर पडणे आणि दिसणे यांतील फरक २०१३ मधील एका प्रयोगात स्पष्ट झाला. फुफ्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिऑलॉजिस्टांपैकी २० जणांना त्यात मुद्दाम घातलेले गोरिलाचे चित्र दिसले नाही, आणि त्या २० पैकी १२ जणांची नजर थेट त्या चित्रावर पडून गेली होती.