‘शुगर कंट्रोलमध्ये आहे ना?’ या प्रश्नामागचा इतिहास

मधुमेह झालेल्या माणसाला घरात, फोनवर, दवाखान्यात हा प्रश्न हमखास विचारला जातो. काळजीपोटीच विचारला जातो, तरी उत्तर देणाऱ्याला तो परीक्षेसारखा वाटतो. असं का झालं, हे समजायला साखर कोण मोजत होतं आणि आकडा कुणाच्या हातात होता, ते पाहावं लागतं.

इन्सुलिनच्या शोधाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षं घरी तपासायची ती लघवी. परीक्षानळीत निळं बेनेडिक्ट द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी करत विटकरी झाला तर भरपूर. पण रक्तातली साखर साधारण १८० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही, आणि नळीत दिसते ती काही तासांपूर्वीची स्थिती. साखर धोकादायक घसरली असली तरी रंग निळाच. १९५६ मध्ये लघवीत बुडवायची पट्टी आली, उकळणं संपलं, ही उणीव मात्र तशीच राहिली.

रक्तातली साखर मोजणारं यंत्र १९७० च्या सुमारास आलं, तेही दवाखान्यांसाठी. पट्टीवर रक्ताचा मोठा थेंब ठेवायचा, बरोबर एक मिनिट थांबायचं, पट्टी पाण्याने धुवायची, टिपायची आणि मग यंत्रात सरकवायची. लहानपणापासून मधुमेह असलेल्या एका अमेरिकन इंजिनिअरने डॉक्टर पत्नीच्या नावावर ते मिळवलं. दिवसातून अनेकदा साखर मोजून तो जेवण आणि डोस जुळवू लागला. त्याचा अनुभव छापायला वैद्यकीय नियतकालिकं तयार झाली नाहीत. शेवटी पंचेचाळिशीत तो स्वतःच वैद्यकीय शिक्षणाकडे वळला. १९७८ पर्यंत ब्रिटनमधल्या अभ्यासांनी दाखवून दिलं, की रुग्णांना घरी हे व्यवस्थित जमतं.

मग १९९३. टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा, १,४४१ जणांवरच्या अभ्यासाचे निकाल आले. साखर काटेकोर सांभाळणाऱ्या गटात, ज्यांचे डोळे आधी निरोगी होते, त्यांच्यात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. दुसऱ्याची मदत लागावी इतकी साखर घसरण्याचे प्रसंग मात्र जवळपास तिप्पट झाले. या गटाला दरमहा भेट आणि मधल्या काळात फोनवर सल्ला मिळत होता. अभ्यासाबाहेर लोकांपर्यंत पोहोचलं ते ‘तीन महिन्यांची शुगर सातच्या आसपास हवी’ एवढंच. (ही HbA1c नावाची रक्ततपासणी: तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज, तोही टक्क्यांत.) तो आधार फार थोड्यांना मिळाला. मला ही या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक वाटते.

कारण ‘कंट्रोल’ हा शब्द इथून पुढे माणसालाच चिकटला. आकडा वाढला की ‘पथ्य पाळत नाही’, इंग्रजी केसपेपरवर ‘नॉन-कम्प्लायंट’, म्हणजे सांगितलेलं न पाळणारा. अपुरी झोप, ताप, पाळी, ताण, कालचं जास्तीचं चालणं या सगळ्यांनी साखर हलते, पण तो शब्द फक्त ताटाकडे बोट दाखवतो. ‘कम्प्लायन्स’ला पर्याय म्हणून आलेला ‘अ‍ॅडहिअरन्स’ कानाला सौम्य, अर्थाने तोच: सांगितलं तसं वागलात का? ‘स्वतःची काळजी’ म्हटल्यावर निर्णयही स्वतःचा असायला हवा. तो अधिकार जबाबदारीच्या बराच मागून आला. रोजच्या या ओझ्याने मन किती थकतं, हे मोजणारी वीस प्रश्नांची प्रश्नावली १९९५ ची. २००८ मध्ये दोन धक्के बसले. टाइप २ च्या, म्हणजे बहुधा मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाच्या, एका मोठ्या अभ्यासात तीन महिन्यांची शुगर सहाच्या खाली आणू पाहणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले आणि ते उपचार मध्येच थांबवावे लागले. दुसऱ्या, छोट्या अभ्यासात नुकतंच टाइप २ चं निदान झालेल्यांपैकी घरी साखर मोजणाऱ्यांचा आकडा सुधारला नाही, उलट प्रश्नावलीवर मोजलेली निराशा थोडी वाढली.

१९९९ मध्ये मान्यता मिळालेला पहिला सेन्सर तीन दिवस साखर नोंदवायचा, पण अंगावर तो लावलेल्यालाच आकडे दिसत नसत. ते दवाखान्यात उघडले जात. आता ते खिशातल्या मोबाइलवर दिसतात. २०१९ मध्ये ठरलेल्या नव्या मोजपट्टीनुसार बहुतेक प्रौढांची साखर दिवसाचा ७० टक्के वेळ ७० ते १८० मध्ये असावी. म्हणजे उरलेले सुमारे सात तास ती त्याबाहेर असू शकते, हे ध्येयातच धरलेलं आहे. वयस्कर आणि नाजूक प्रकृतीच्या लोकांसाठी अपेक्षा निम्म्या दिवसाची.