टोरांटोचं ‘उपनगर’ म्हणजे नेमकं कुठलं?

२०१० साली टोरांटोच्या महापौरपदासाठी जॉर्ज स्मिदरमन उभे होते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचे माजी उपमुख्यमंत्री, वजनदार माणूस. तरी प्रतिस्पर्धी रॉब फोर्डना ४७ टक्के मतं पडली आणि यांना जेमतेम ३६. कारण विचाराल तर एका वाक्यात उत्तर मिळतं: उपनगरं स्मिदरमनकडे वळली नाहीत.

उपनगर म्हटल्यावर आपल्याला मिसिसॉगा नाहीतर ब्रॅम्प्टन आठवतं. कुणाची ना कुणाची बहीण, भाचा तिथं असतोच. पण मिसिसॉगाकराला टोरांटोच्या महापौरासाठी मतच देता येत नाही. त्याचा महापौर वेगळा. मुंबईकराने मुलुंड चेकनाका आठवावा. बोलताना मुलुंडही उपनगर आणि ठाणंही, पण मुलुंड १९५७ पासून मुंबई महापालिकेत आहे आणि ठाण्याची पालिका स्वतंत्र. टोरांटोचा उत्तरेकडचा चेकनाका म्हणजे स्टील्स ॲव्हेन्यू. रस्त्याच्या अलीकडचं घर टोरांटोत, पलीकडचं मार्कममध्ये नाहीतर वॉनमध्ये. फोनच्या कोडवरून आतल्यांना ‘४१६’ आणि बाहेरच्यांना ‘९०५’ म्हणायची तिथं पद्धतच आहे.

स्मिदरमनना नडली ती आतली उपनगरं: इटोबिको, नॉर्थ यॉर्क, स्कारबरो. १९९८ पर्यंत यांच्या पालिका वेगळ्या होत्या, महापौर वेगळे होते. प्रांत सरकारने सहा पालिकांची एक मोट बांधली. आदल्या वर्षीच्या सार्वमतात लोकांनी मोठ्या बहुमताने नको म्हटलं होतं, ते कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून ‘आमचा पैसा डाउनटाउनवाले उडवतात’ ही कुरकुर तिथं मुरलेली.

फोर्डनी नेमकी तीच उचलली. ते इटोबिकोचे नगरसेवक. खड्डा असो की कचरा, तक्रार करणाऱ्याला स्वतः फोन करायचे. मला त्यांचं राजकारण पटत नाही, पण हा फोन कुठल्याही जाहीरनाम्याला भारी पडला असणार. स्मिदरमन डाउनटाउनचे आमदार. शिवाय ते आरोग्यमंत्री असतानाच्या ई-हेल्थ प्रकल्पातल्या उधळपट्टीचं लचांड मागे होतंच. ‘पैसा वाया जातोय’ या आरोपाला ते कुठल्या तोंडाने उत्तर देणार?

त्यात गाडीवरचा साठ डॉलरचा वार्षिक कर, आधीच्या महापौरांच्या काळात, २००८ पासून लागलेला. डाउनटाउनमधला माणूस चालत किंवा ट्रामने कामावर जातो, त्याच्याकडे गाडी नसली तरी चालतं. स्कारबरोच्या टोकाला बर्फात बसची वाट पाहणाऱ्याला गाडी म्हणजे चैन नव्हे. त्याला तो कर म्हणजे केवळ लांब राहतो म्हणून भरलेला दंड वाटला.

फोर्ड आल्यावर त्याच डिसेंबरात नगरपरिषदेने तो कर रद्द केला. मिसिसॉगाच्या गाडीवाल्याला मात्र तो कधी लागूच नव्हता.