ब्लूग्रास किती जुनं?

'ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं शेकडो वर्षं जुनं लोकसंगीत', असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. तसं वाटणं साहजिक आहे. त्यातल्या फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्या) कित्येक चाली खरोखरच जुन्या, स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या. बँजोची मुळं तर पश्चिम आफ्रिकेत; गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर तो अमेरिकेत पोचला. (आपल्या मिरवणुकीतला बटणांचा बँजो वेगळा. हा पूर्वी कातड्याने, आता बहुधा प्लास्टिकने मढवलेला, बहुधा पाच तारांचा.)

पण ब्लूग्रास ही शैली घडली १९४०च्या दशकात, रेडिओ आणि रेकॉर्डच्या जमान्यात. नावही त्या काळच्या एका बँडच्या नावावरून पडलं.

पडताळून बघायचं तर १९२०-३०च्या दशकातलं 'ओल्ड-टाइम' (ब्लूग्रासच्या आधीचं तिथलं लोकसंगीत) रेकॉर्डिंग आणि १९४६-४७चं ब्लूग्रास लागोपाठ ऐका. पहिल्यात बहुतेक वेळ सगळे मिळून एकच चाल वाजवतात. दुसऱ्यात एकेक वाद्य पुढे येतं, आपली फेरी वाजवून मागे सरतं. बँजोवर तीन बोटांनी सुरांची सर कोसळते आणि मँडोलिन ठोक्यांच्या मधोमध 'चक्' असं तुटक वाजतं. नवख्यांना मी आधी तो 'चक्'च शोधायला सांगतो.