हायब्रीड म्हणजे जीएम नव्हे, आणि बी न धरता येण्याचा दोष कुणाचा

बाजारातला टोमॅटो आठवडाभर टिकला की तो 'जीएम', म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेला. तैवान पपई गोड लागली की ती 'जीएम'. द्राक्षात बी नाही, मग तर विचारायलाच नको. परवा एका दुकानात 'जीएमओ-मुक्त' असं छापलेलं सैंधव मीठ पाहिलं. मिठाला जनुक कुठून आणणार, देव जाणे.

आधी हे उरकून टाकू. भारतात शेतकऱ्याला कायदेशीरपणे लावता येतं असं जीएम पीक एकच, बीटी कापूस, २००२ पासून. बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली. जीएम मोहरीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आणि ती सर्वोच्च न्यायालयात अडकली. म्हणजे मंडईतला टोमॅटो, पपई, भोपळी मिरची हे हायब्रीड असेल, जीएम नाही. थॉमसन सीडलेस द्राक्ष तर हायब्रीडच्या लाटेच्या कितीतरी आधीचं. ते काडी लावून किंवा कलमानं वाढवतात. मणी फुगवायला नाशिककडे घड 'जीए'च्या द्रावणात बुडवतात. जीए (जिबरेलिक ॲसिड) हे वाढीचं संजीवक आहे, जीएमशी त्याचं नातं फक्त एका अक्षराचं.

हायब्रीड काय ते तुम्हाला माहीत आहे. एकाच पिकाचे दोन वेगळे वाण आईबाप म्हणून घ्यायचे, एकाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर टाकायचे, येणारं बी विकायचं. हायब्रीड ज्वारी साठच्या दशकात आली तेव्हापासून घरोघरी तिच्या भाकरीला नावं ठेवली गेली आहेत. (मीही ठेवतो. भाकरी मालदांडीचीच.) जीएममध्ये प्रयोगशाळेत एखादं जनुक पिकात घालतात, बहुधा दुसऱ्याच जीवाचं. बीटी कापसातलं जनुक मातीतल्या एका जिवाणूचं आहे. त्यामुळे झाडातच असं प्रथिन तयार होतं की बोंडअळी ते खाऊन मरते.

इथवर बऱ्याच जणांना पटतं. गाडी घसरते ती पुढे: 'जीएमचं बी परत पेरता येत नाही, कंपनीनं ते वांझ केलंय.' शेतीवर तावातावानं बोलणारी माणसंसुद्धा हे सांगतात, तेव्हा मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

बी परत धरून उपयोग होत नाही तो हायब्रीडमुळे. पाकिटावर 'एफ-1' लिहिलेलं असतं ना, म्हणजे संकराची पहिली पिढी. ती सगळी एकसारखी, जोमदार. तिचं बी धरून पेरलंत तर उगवतं अगदी झकास, पण आता आजी-आजोबांचे गुण हवे तसे विखुरतात. मी एकदा एफ-1 टोमॅटोचं बी धरलं होतं. एक झाड छातीएवढं, शेजारचं गुडघ्याएवढं, एकाची फळं लिंबाएवढी, दुसऱ्याची आंबटढोण. वांझ काहीच नव्हतं. सारखं मात्र काहीच नव्हतं. बाजारासाठी पिकवणाऱ्याला हे परवडत नाही, म्हणून तो दरवर्षी नवं पाकीट घेतो.

आणि जीएम? ते जनुक सरळ वाणातही, म्हणजे ज्याचं बी धरून पेरलं तरी तेच पीक येतं अशा वाणातही, घालता येतं. चीनमधल्या शेतकऱ्यांनी बीटी कापसाच्या सरळ वाणांचं बी घरी राखून पुन्हा पेरलं. आपल्याकडे कंपन्यांनी बीटी आणलं ते जवळपास सगळं हायब्रीडमध्ये. एकाच पाकिटात दोन गोष्टी आल्या आणि हायब्रीडच्या खर्चाची शिवी जीएमच्या खाती जमा झाली. बी खरोखर वांझ करणाऱ्या 'टर्मिनेटर' तंत्राचं पेटंट १९९८ मध्ये दिलं गेलं, पण तसलं बियाणं बाजारात कुठेच आलं नाही.

याचा अर्थ बीटीबद्दल तक्रारी नाहीत असा नाही. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीनं बीटीला दाद न देता बोंडं पोखरली. त्यावर जरूर भांडा, पण ते भांडण अळीच्या प्रतिकारशक्तीचं आहे, वांझ बियांचं नाही.

बी राखायचं असेल तर दुकानात 'जीएम नसलेलं' मागू नका. दुकानदार हसून 'आहे ना' म्हणेल आणि एफ-1चंच पाकीट हातात देईल, खोटं न बोलता. 'सरळ वाण द्या' म्हणा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेचं मोल यातच आहे: तिथलं बी पेरा, राखा, शेजाऱ्याला द्या, पुढच्या वर्षी तेच पीक येतं. परसबागेत मी दुसरं काही लावत नाही. पाच एकर टोमॅटो करणाऱ्या माणसाला मात्र हा सल्ला देणार नाही.

जीएम तुमच्या घरात आहेच, फक्त तुम्ही शोधता तिथे नाही. सरकीचं तेल बहुतेक बीटी कापसाचंच असतं. रिफाइंड केल्यावर त्यात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, म्हणून मला त्याची भीती वाटत नाही. टोमॅटोला घाबरून त्याच तेलात तळलेलं फरसाण खाणारे मात्र पाहिलेत. आणि त्या सरकीची पेंड म्हैस खाते, जिच्या दुधाचा चहा तुम्ही सकाळीच घेतलात.