गोळीबाराचं खापर गेमवर

‘मारधाडीचे गेम खेळूनच पोरं खुनी होतात’ म्हणताना अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबाराचा दाखला हमखास दिला जातो. तो चुकीचा आहे. १६ एप्रिल २००७ रोजी तिथे ३२ जणांचा बळी गेला आणि मारेकऱ्याची धड ओळख पटण्याआधीच टीव्हीवर गेमना दोषी ठरवलं गेलं. चौकशी समितीच्या अहवालात मात्र वेगळंच निघालं: लहानपणी तो ‘सॉनिक’ खेळायचा, म्हणजे निळ्या प्राण्याची नुसती धावाधाव! खोलीतल्या सोबत्याने त्याला कधी गेम खेळताना पाहिलंच नव्हतं. त्याच्या मानसिक आजाराच्या खुणा मात्र विद्यापीठात अनेकांना दिसल्या होत्या. त्या एकत्र जोडून कुणी पाहिल्या नाहीत. पडद्यावर गोळी झाडताना मन कचरत असेल, तर खुशाल खेळू नका. पण खेळणाऱ्या पोराला खुनी ठरवायला हा दाखला चालणार नाही.