कापुश्चिन्स्की आणि तेरत्सानी: एका पुरस्काराला कादंबरी चालते, दुसऱ्याला नाही

पोलंडचे रिशार्द कापुश्चिन्स्की आणि इटलीचे तित्सियानो तेरत्सानी. दोघे पत्रकार, दोघांनी उमेदीची वर्षं परक्या देशांत काढली आणि दोघांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने साहित्य पुरस्कार सुरू झाले. या दोन पुरस्कारांची मराठीत सर्रास सरमिसळ होते. एखाद्या लेखकाच्या परिचयात ‘पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार’ असं ठोकून दिलं जातं आणि पुढच्या प्रत्येक परिचयात तेच उतरतं. दोन्ही पुरस्कार पुस्तकांचे आहेत, बातमीदारीचे नाहीत. एवढा गोंधळ एका वाक्यात मिटतो. खरी गफलत वेगळीच आहे.

कापुश्चिन्स्कींची ओळख नव्याने करून द्यायला नको. पोलिश वृत्तसंस्थेचे बातमीदार, १९५६ मध्ये पहिल्याच मोठ्या परदेश दौऱ्यावर भारतात आलेले, इथिओपियाचे सम्राट हाइले सेलासी यांच्या दरबारावरच्या पुस्तकाने जगभर पोचलेले. पुरस्कार वॉर्सॉ शहराचा, २०१० पासूनचा.

तेरत्सानी आपल्याकडे कमी वाचले गेले, आणि याची मला खरोखर खंत आहे, कारण त्यांचा भारताशी संबंध कितीतरी जवळचा. ‘डेर श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकासाठी त्यांनी आशियातून अनेक वर्षं वार्तांकन केलं. १९७५ मध्ये व्हिएतनाममधल्या सायगावचा पाडाव तिथे राहून पाहिला. १९८४ मध्ये चीनने त्यांना देशाबाहेर काढलं. एका ज्योतिषाच्या इशाऱ्यावरून १९९३ चं पूर्ण वर्ष त्यांनी विमानात पाऊल ठेवलं नाही. रेल्वे, बस, बोटीने आशिया पालथा घातला. १९९४ मध्ये ते दिल्लीत राहायला आले आणि आजारपणातला बराच काळ त्यांनी हिमालयात एकांतात घालवला. २००४ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार इटलीच्या ईशान्य टोकाला, ऊदिने शहरात दिला जातो.

दोन्हींच्या हेतूंची वाक्यं शेजारी ठेवली, तर फरक दिसतच नाही. परक्या संस्कृतींची जाण वाढावी, माणसाने माणसाला समजून घ्यावं, हेच दोन्हीकडे. घोळ सुरू होतो तो इथूनच. हेतू सारखा, नावं पत्रकारांची, म्हणजे पुस्तकंही एकाच जातीची असणार, असं गृहीत धरलं जातं.

तसं नाही. कापुश्चिन्स्की पुरस्कार फक्त रिपोर्ताजसाठी, म्हणजे प्रत्यक्ष पाहून-ऐकून साहित्याच्या शैलीत लिहिलेल्या वृत्तांतासाठी आहे. पुस्तक कितीही सुंदर लिहिलेलं असो, त्यातली माणसं, गावं आणि संवाद प्रत्यक्षातलेच हवेत. पहिल्या वर्षी तो फ्रेंच पत्रकार जाँ हात्झफेल्ड यांना मिळाला. रवांडातल्या वंशसंहारानंतर मारेकरी तुरुंगातून सुटून गावी परततात आणि ज्यांचे आप्त त्यांनी मारले त्यांच्याच शेजारी पुन्हा राहू लागतात, त्याबद्दलचं ते पुस्तक. त्यातला एखादा शेजारी कल्पित निघाला, तर पुस्तकाचा पायाच निखळेल. २०११ मध्ये तो बेलारूसच्या लेखिका स्वेतलाना अलेक्सिएविच यांना मिळाला, नोबेलच्या चार वर्षं आधी.

तेरत्सानी पुरस्कारात ही अट नाही. २००८ मध्ये तो फाब्रित्सिओ गात्ती या इटालियन पत्रकाराच्या ‘बिलाल’ला मिळाला. आफ्रिकेतून युरोपात येऊ पाहणाऱ्या स्थलांतरितांसोबत सहारा ओलांडून केलेला प्रवास, म्हणजे अस्सल रिपोर्ताज. २०१४ मध्ये तोच पुरस्कार पाकिस्तानी कादंबरीकार मोहसिन हमीद यांना मिळाला, तो एका कादंबरीसाठी. त्या कादंबरीत देशाला नाव नाही, शहराला नाही, नायकालाही नाही. एकाच पुरस्काराच्या यादीत ही दोन पुस्तकं सुखाने नांदतात, आणि यातलं दुसरं कापुश्चिन्स्की पुरस्काराच्या दारातही उभं राहू शकत नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मला अजिबात मान्य नाही. गात्ती स्वतः खोटं नाव घेऊन फिरले, इटलीच्या लाम्पेदुसा बेटावरच्या स्थलांतरितांच्या छावणीत ‘बिलाल’ नावाचा कुर्द निर्वासित म्हणून राहिले. मग त्यांचं पुस्तक तरी निव्वळ सत्य कसं? सोंग घेणं ही माहिती मिळवण्याची रीत झाली. ती योग्य की अयोग्य यावर जरूर वाद घालावा. पण छावणीत जे घडलं ते घडलं, आणि वाचकाला ते सोंगासकट सांगितलेलं आहे. लेखकाने तिथे वेश बदलला, घटना बदलल्या नाहीत. वेश बदलणं आणि घटना बदलणं एकाच मापाने मोजणारे लोक रिपोर्ताजचं सर्वांत जास्त नुकसान करतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खुद्द कापुश्चिन्स्कींवरच कल्पना मिसळल्याचा आरोप झाला. आर्तुर दोमोस्वाव्स्की यांनी लिहिलेल्या चरित्राने २०१० मध्ये, म्हणजे पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, पोलंडमध्ये मोठं वादळ उठवलं. सम्राटाच्या दरबारावरचं पुस्तक तर अनेक पोलिश वाचकांनी आपल्याच साम्यवादी राजवटीचं रूपक म्हणून वाचलं होतं. मग त्यांच्या नावाच्या पुरस्काराने सत्याची अट का घालावी? माझं मत स्पष्ट आहे: म्हणूनच घालावी. ज्याच्या नावाने पुरस्कार आहे त्याच्या उणिवा हा पुरस्काराचा निकष होऊ शकत नाही. वाचकाने परक्या देशाबद्दलचं आपलं मत एखाद्या पुस्तकावर बेतायचं असेल, तर त्यातलं काय घडलं आणि काय रचलं हे त्याला कळलंच पाहिजे. कादंबरीने समज वाढत नाही असं मी म्हणत नाही. हमीद यांची कादंबरी ती नक्कीच वाढवते. पण तिचा दाखला देऊन ‘तिकडे असं असतं’ असं छातीठोक सांगता येत नाही.

बाकीचे फरक किरकोळ. एकाच गोष्टीवर थोडं थांबतो. कापुश्चिन्स्की पुरस्कारासाठी परदेशी पुस्तक पोलिश अनुवादातून वाचलं जातं आणि अनुवादकालाही वेगळा पुरस्कार दिला जातो. संस्कृतींमधल्या संवादाच्या गप्पा मारून अनुवादकाचं नाव आतल्या पानावर बारीक टायपात छापणाऱ्या प्रत्येक प्रकाशकाने हे डोळ्यांपुढे ठेवावं.

आणि हो, कापुश्चिन्स्कींच्या नावाचा आणखी एक पुरस्कार पोलिश वृत्तसंस्था देते. तो मात्र खरोखर पत्रकारितेचा आहे. तेव्हा परिचयात नुसतं ‘कापुश्चिन्स्की पुरस्कार’ लिहू नका. कुणी दिला, कोणत्या वर्षी आणि कोणत्या पुस्तकाला, तेही लिहा.